इस्त्रीवाल्या दादाची वीस हजार पावलं

माझा दादा चालत नाही. त्याची बदनामी करायला नाही सांगत, सख्खी धाकटी बहीण आहे मी त्याची. पण जे आहे ते आहे. पाण्याची बाटली हातभर लांब असली तरी "अगं, देतेस का जरा" म्हणणारा माणूस. बसमधून उतरल्यावर आमच्या घरापर्यंत जेमतेम दोनशे पावलं, त्यातही मध्ये दोनदा थांबून चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करतो. त्यामुळे कारखान्याच्या फळ्यावर जेव्हा त्याचा फोटो लागला आणि खाली लिहिलं, 'हातइस्त्री विभाग, एकवीस हजार तीनशे पावलं, पहिला क्रमांक', तेव्हा मी ट्रॉली सोडून तिथंच उभी राहिले. म्हटलं, इथं नक्की पाणी मुरतंय.

आम्ही दोघं एकाच धुलाई कारखान्यात. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, टॉवेल, डॉक्टर-नर्सचे डगले, सगळं आमच्याकडे मळकं येतं आणि घड्या होऊन जातं. चादरी रोलरच्या मशीनवर निघतात, पण डगले आणि शर्ट अजून हातानंच. तिथं दादा. सोळाव्या वर्षी इस्त्री धरली, आज बावन्नचा आहे. सातवीत नापास झाला, बाबा गेले, शाळा सुटली ती सुटलीच. आम्हा दोघी बहिणींची लग्नं त्यानं त्या टेबलामागं उभं राहून केली. डाव्या मनगटावर भाजल्याचा एवढा मोठा डाग आहे. अंधारात नुसता हात लावून सांगेल, कापड सुती आहे की मिसळीचं. पण कुणी कधी शाबासकी दिली? इस्त्री चांगली झाली तर ती इस्त्रीच असते, बिघडली तरच इस्त्रीवाला आठवतो.

मी ट्रॉली ढकलते. धुलाईतून वाळवणीत, वाळवणीतून इस्त्रीत, इस्त्रीतून गाडीपाशी. दिवसभर. संध्याकाळी पायांचे नुसते खांब होतात.

तर झालं असं की कंपनीनं सगळ्यांचं रक्त तपासलं. पन्नास-साठ जणांची साखर काठावर निघाली, त्यात दादा. तीन महिन्यांच्या सरासरीचा त्याचा आकडा सहा पूर्णांक एक, साडेसहाला मधुमेह धरतात. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण दारात उभा आहे. चाला, वजन उतरवा, चहातली साखर सोडा, तीन महिन्यांनी परत बघू.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्यानं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. दादा घाबरला. आमच्या आईला साखरच होती. पायाच्या बोटाला चप्पल लागली, तिला कळलंच नाही, आणि त्या एवढ्याशा जखमेपायी पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नंतर डोळे गेले. दोन वर्षं दादानं तिला उचलून संडासाला नेलं. तपासणीच्या दुसऱ्याच दिवसापासून तो पहाटे वहिनीबरोबर चालायला जायला लागला. माझा दादा! पहाटे! वहिनी सांगायची, "अगं, कुरकुरतो, दर वळणावर 'आता परत फिरू' म्हणतो, पण येतो." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चिडवलंसुद्धा नाही.

आणि मग आले ते पट्टे.

आरोग्याचं काम बघणाऱ्या एक मॅडम नेमल्या कंपनीनं. त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या खोलीत जमवलं आणि मनगटावर बांधायचा एकेक काळा पट्टा वाटला. पट्टा पावलं मोजणार, मोबाईलमध्ये आकडा दिसणार. शिवाय खेळ. मोबाईलमध्ये प्रत्येकाचा एक छोटा माणूस, तो डोंगर चढणार. जितकं तुम्ही चालाल तितका तो वर. शिखरावर पोचला की झेंडा लावणार आणि रंगीत कागद उडणार. दर सोमवारी पहिल्या नंबराचा फोटो फळ्यावर.

"म्हणजे संडासात किती वेळ बसलो तेही कळणार," धुलाईच्या मशीनवरचा ड्रमवाला म्हणाला. सगळे हसले, पण पट्टा बांधायची घाई कुणी केली नाही. फुकट काही देत नाही हो ही कंपनी, हातमोजे मागितले तर जुने फाटके आणून दाखवायला लावते. महिनाभर ज्याला त्याला त्या पट्ट्याचा संशय. कुणी म्हणे याच्यातून आपलं बोलणं ऐकतात. कुणी म्हणे कमी चालणाऱ्याला काढणार. मी तर पहिले चार दिवस पट्टा रुमालात गुंडाळूनच ठेवला होता.

मग घातला. आणि माझ्या आकड्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात नेली. नऊशे पावलं! सकाळपासून ट्रॉली ढकलून कंबरडं मोडलंय, आणि माझा तो छोटा माणूस डोंगराच्या पायथ्याशी पाय पसरून झोपलेला. वर लिहून येतंय, 'उठा, थोडं चालून बघा!' अरे मेल्या, तू ये इकडे, ढकल एक फेरी.

आणि तिकडे दादा एकवीस हजार.

मी त्याला सरळच विचारलं, "दादा, खरं सांग. पट्टा कुणाला घालायला देतोस?"

"कुणाला देऊ? हा बघ, हातातच आहे."

उजव्या हातात होता. डाव्या मनगटाला डागावर टोचतो म्हणून त्यानं उजव्यात बांधला होता. मी बघितलं आणि माझं काही समाधान झालं नाही. तेव्हा कारखान्यात एकेक किस्से चालू होते. एकानं पट्टा कुत्र्याच्या गळ्यात अडकवला होता. एकानं पंख्याला बांधला होता आणि तो उडून डाळीत पडला. मी ड्रमवाल्याला बाजूला घेतलं. "आमच्या दादानं तुझ्या ड्रममध्ये काही टाकायला दिलंय का?" तो म्हणाला, "ताई, तुमचा दादा मला स्वतःचा रुमाल धुवायला देत नाही, पट्टा कुठला देतोय."

तरी मी डोळ्यांत तेल घालून बसले. ट्रॉली मुद्दाम त्याच्या टेबलावरून न्यायची, दर तासाला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या मागं मागं गेले. कुठं गेला असेल? जिन्याखाली. एका खोक्यावर बसला, दुसऱ्या खोक्यावर पाय ठेवले आणि डोळे मिटले. अर्धा तास. मी खांबाआड उभी, माझंच जेवण राहिलं. संध्याकाळी सहज म्हणून त्याचा मोबाईल मागितला. अठरा हजार नऊशे. मला खरंच चक्कर यायची बाकी राहिली.

वहिनीला गाठलं. ती शाळेत मुलांना सांभाळायच्या कामाला जाते, तिथल्या फाटकाशी.

"वहिनी, पहाटे किती चालता गं तुम्ही दोघं?"

"अगं, आता कुठं जातो! पट्टा आल्यापासून बंद. म्हणतो, दिवसाला वीस हजार होतात माझी, डॉक्टरांनी आठच सांगितली होती, आणखी कशाला? आणि बरं का, तो मोबाईलमधला माणूस शिखरावर पोचला की मग हा एक कप गोड चहा घेतो. बक्षीस म्हणे."

वहिनीला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नवरा पहिला आला होता ना. मला मात्र ते ऐकून कसंसंच झालं. म्हणजे जो माणूस भीतीनं का होईना चालायला लागला होता, त्याला या पट्ट्यानं घरी बसवलं होतं.

कोडं सुटलं ते ट्रॉलीच्या चाकामुळं. एका दुपारी माझ्या ट्रॉलीचं चाक निखळलं. दुरुस्तीची शेड मागच्या फाटकाशी, तिथवर मी मोकळ्या हातांनी गेले, मिस्त्री जेवायला गेला होता म्हणून परत आले, पुन्हा गेले. मोबाईल बघते तर माझा झोपाळू उठून पहिल्या टप्प्यावर जाऊन बसलेला! दिवसभरात नऊशे होत नाहीत आणि पाऊण तासात तीन हजार? मी तिथंच थांबून विचार केला. सकाळी काय करत होते? चालतच होते. आता काय केलं? चाललेच. मग फरक काय? हात. ट्रॉली ढकलताना माझे दोन्ही हात दांड्याला आवळलेले असतात, हलतच नाहीत. आता मात्र ते झुलत होते.

या मेल्या पट्ट्याला पाय दिसतच नव्हते. तो हाताच्या हलण्यावरून अंदाज बांधत होता.

मी पट्टा काढून मोज्यात खोचला, घोट्याशी. संध्याकाळपर्यंत नऊ हजार. दुसऱ्या दिवशी पूर्ण पाळी मोज्यातच, एकोणीस हजार सहाशे. आणि मग दादाच्या टेबलापाशी जाऊन बघत उभी राहिले. त्याचा उजवा हात इस्त्री घेऊन पुढं, मागं, पुढं, मागं. पाय जागच्या जागी. आठ तास.

सांगायला हवं होतं ना लगेच? सांगणारच होते. पण सुपरवायझर बाईंनी डाव साधला. नऊशेवरून एकोणीस हजार, हे त्यांच्या नजरेतून सुटतंय थोडंच! जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर मला उभं केलं, बाजूला त्या आरोग्यवाल्या मॅडम.

"पट्टा कुठं आहे तुमचा?"

मी मोजा खाली केला. अख्खी खोली हसली.

"पट्टा मनगटावरच बांधायचा, असा नियम आहे," मॅडम म्हणाल्या. "हा खेळ प्रामाणिक लोकांसाठी आहे."

"अहो, प्रामाणिकपणाचं काय सांगता? मी चालते ते हा मोजत नाही, आणि जो चालत नाही त्याचं—" मी बोलता बोलता दादाकडे बोट केलं. मला तसं करायचं नव्हतं. बोट आपोआप गेलं.

मॅडम म्हणाल्या, कंपनीनं तज्ज्ञांना विचारून आणलंय. बाई म्हणाल्या, दुसऱ्यावर ढकलू नका. माझं नाव खेळातून काढलं.

मी दादाला बाहेर जिन्याशी पकडलं. "दादा, ऐक. तुझा पट्टा तुझी इस्त्री मोजतोय. पावलं नाहीत ती. उद्या एक दिवस मोज्यात घालून बघ, पाचशे झाली तर मला सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. तसं त्यानं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"तू खोटेपणा केलास, पकडली गेलीस, आणि आता माझ्यावर घेतेस?"

"मी खोटं कशाला करू?"

"जळतेस तू. आयुष्यात पहिल्यांदा माझा फोटो कुठंतरी लागला. छत्तीस वर्षं झाली मला त्या टेबलामागं, कुणी नाव विचारलं नाही. आता लागला, तर तो माझ्या बहिणीच्याच डोळ्यांत खुपला."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्याच्यासाठी जेवण सोडून खांबाआड उभी राहिले तो हे म्हणतोय! मी म्हणाले, "बरं. राहा मग शिखरावर." आणि गेले ट्रॉली घेऊन.

त्यानंतर आमचा अबोला. त्याच्या टेबलावरून ट्रॉली न्यायची वेळ आली तर मी मान वळवायची. सोमवारी पुन्हा त्याचा फोटो. दुपारी तो गोड चहा पिताना दिसायचा, शेजारचे इस्त्रीवाले त्याला 'शिखरवीर' म्हणायचे, तो हसायचा. मला दिसत होतं सगळं. पोटही सुटत चाललं होतं, पँटचा पट्टा एक भोक पुढं गेला होता. एकदा वहिनीनं फोन करून विचारलं, "काय गं, बोलत का नाही तुम्ही? आणि त्याचं चालणं कसं चाललंय तिकडे?" मी म्हणाले, "फळ्यावर लिहिलंय की. येऊन वाच." आणि फोन ठेवला.

एकवीस दिवस गेले असे.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी वहिनीला शाळेतून सुट्टी मिळेना. "तू जा गं त्याच्याबरोबर," ती म्हणाली. "त्याला त्या कागदातलं काही कळत नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं तर नुसता 'हो हो' म्हणत बसेल." मग गेले. कंपनीच्या दवाखान्यात बाकावर आम्ही दोघं, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. दादानं नवा शर्ट घातला होता, स्वतः इस्त्री केलेला. चांगलं काहीतरी ऐकायला निघाल्यासारखा तयार होऊन आला होता तो. ते बघून मला भीती वाटायला लागली.

आत डॉक्टरांनी कागद बघितला, मग मोबाईलवरचे आकडे बघितले, मग पुन्हा कागद.

"सहा पूर्णांक नऊ," ते म्हणाले. "वजन तीन किलोनं वाढलंय. पुन्हा एकदा तपासून खात्री करूच, पण लक्षण काही चांगलं नाही. आणि इथं तर रोज वीस हजार पावलं दिसतायत." त्यांनी चष्मा काढला. "काका, वीस हजार चालणारा माणूस असा दिसत नाही. पट्टा कुणाच्या हातात होता?"

दादाचा चेहरा उतरला. मग त्यानं हळूच माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असणार, हिनंच येऊन सांगितलं.

माझेच शब्द होते ते. 'कुणाला घालायला देतोस?' मी बहीण असून तेच विचारलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून आमच्या दादाला चोर ठरवलेलं मला सहन झालं नाही.

"डॉक्टर, ते लबाड नाहीत," मी उठलेच. "दादा, दे पट्टा." त्यानं काढून दिला. मी तो डॉक्टरांच्या उजव्या हातात बांधला, त्यांनी नको म्हणायच्या आत. टेबलावरची जाड फाईल त्यांच्या हाताखाली सरकवली. "आता अशी पुढं न्या, मागं आणा. इस्त्री करता तशी. खुर्चीतून उठू नका."

डॉक्टर भले माणूस, करत राहिले. बसल्या जागी मिनिटभर. मग आकडा बघितला. मघापेक्षा शंभरानं वाढला होता.

त्यांनी फाईल खाली ठेवली. दादा त्या आकड्याकडे बघत होता. मग त्यानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, डाव्या हातानं धरून.

"हे तुम्हाला आधी माहीत होतं?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"मग सांगितलं का नाही? तीन आठवडे काही थोडे नसतात."

"तिनं सांगितलं होतं," दादा म्हणाला. मान खाली घालूनच. "मीच ऐकलं नाही. तिची चूक नाही."

डॉक्टरांनी ते मान्य केलं, लिहायला लागले. मी नाही केलं मान्य. एकदा सांगितलं होतं मी, जिन्याशी, सगळ्यांनी हसून घेतल्यावर, रागानं लाल होऊन. आणि आता इतकं सांगतेच आहे तर हेही सांगते. तेव्हा मला त्याची साखर दिसत नव्हती, तो फळ्यावरचा फोटो दिसत होता. तो तिथून खाली यावा एवढंच मला हवं होतं. जळतेस म्हणाला तो, ते काही सगळं खोटं नव्हतं. आईचा पाय मीही बघितला होता. तरी एकवीस दिवस मी त्याला गोड चहा पिताना बघत मान वळवून पुढं गेले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक.

"किती दिवस घ्यायच्या?" दादानं विचारलं.

"आता सुरू तर करा. थांबवायचं पुढं बघू. आणि चाला काका, पायांनी."

बाहेर आलो. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो गोळ्यांची पिशवी हातात धरून उभा राहिला. रागावेल, ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. खरं तर ओरडायलाच हवा होता, मला बरं वाटलं असतं. पण त्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि माझ्यापुढं धरलं.

"जेवणाआधी की नंतर गं?"

"नंतर."

चार पायऱ्या उतरल्यावर पुन्हा थांबला. "काय म्हणालीस, आधी ना?"

"नंतर, दादा. जेवणानंतर," मी पुन्हा सांगितलं.